पेशीला स्वभाव असतो का?

फळमाशीचा एक गर्भ असा असतो की त्याच्या अंगावर कातडी नावापुरतीच येते. पाठीवर लहानसा तुकडा, बाकी पाहावे तिकडे चेतापेशी. अमेरिकी संशोधक डोनाल्ड पोल्सन यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस असे गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासले. ज्या पेशींची त्वचा व्हायची होती, त्याही मज्जासंस्थेत जाऊन बसल्या होत्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच खरी ठरली असेल. मेंदूचा असा सुकाळ झालेला तो जीव अंड्याबाहेरसुद्धा पडत नाही, आतच मरतो.

यामागे बिघाड असतो एकाच जनुकाचा. जॉन डेक्स्टर यांनी 1914 साली पंखांच्या कडेला खाचा असलेल्या फळमाश्यांची नोंद केली, थॉमस हंट मॉर्गन यांनी पुढच्या काही वर्षांत त्यांचा अभ्यास केला आणि त्या खाचेवरून जनुकाला ‘नॉच’ हे नाव पडले. मादीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर पंखावर खाच पडण्यावर भागते. चांगली प्रत एकही नसेल तर पोल्सन यांनी पाहिलेला अनर्थ होतो. 1980च्या दशकाच्या मध्यावर स्पायरोस आर्टाव्हानिस-त्साकोनास आणि मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळांनी या जनुकाचा छडा लावला, तेव्हा कळले की त्यातून तयार होणारे प्रथिन पेशीच्या आवरणात रुतलेले असते. सुमारे 2,700 अमिनो आम्लांची ही लांबलचक साखळी. तिचा मोठा भाग पेशीच्या बाहेर डोकावतो, एक टोक आत असते आणि मधला तुकडा आवरणातून आरपार गेलेला. माणसाच्या शरीरात याच कुळातली चार प्रथिने आहेत आणि रक्तवाहिन्यांपासून कानातल्या सूक्ष्म रोमपेशींपर्यंत शेकडो ठिकाणी त्यांच्यावाचून पान हलत नाही.

हे सगळे जीवशास्त्राच्या वर्गात शोभणारे. पण कातडीवाचून मेलेल्या त्या गर्भाने एक फार जुना प्रश्न पुन्हा उभा केला आहे. एखादी गोष्ट जी काही असते, ती स्वतःच्या आतल्या गुणामुळे असते की आजूबाजूच्यांमुळे? त्वचेची पेशी मुळातच त्वचेची असेल तर शेजारच्या पेशींशी बोलणे बंद झाल्याबरोबर ती मेंदू व्हायला का धावली?

या प्रश्नावर युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठा वाद झडला. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म रू यांनी 1888 मध्ये बेडकाचा दोन पेशींचा गर्भ घेतला आणि त्यातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली. उरलेल्या पेशीपासून अर्धाच गर्भ झाला. निष्कर्ष उघड वाटत होता: प्रत्येक पेशीत तिच्या वाट्याचे शरीर आधीच नेमून दिलेले असते. तीन वर्षांनी हान्स ड्रीश यांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या गर्भाच्या दोन पेशी पाण्यात खळाखळा हलवून एकमेकींपासून सोडवल्या. रू यांच्या हिशेबाने अर्धे-अर्धे डिंभ मिळायला हवे होते. मिळाले दोन पूर्ण डिंभ, फक्त आकाराने लहान.

मग रू यांचा प्रयोग खोटा होता का? नाही. त्यांनी मारलेली पेशी जागच्या जागी चिकटलेलीच ठेवली होती. जिवंत पेशीच्या लेखी शेजारी अजून हजर होता, म्हणून तिने आपल्या अर्ध्या वाट्याचेच काम केले. शेजारी खरोखर दूर गेला तेव्हा तीच पेशी पूर्ण देह घडवायला सिद्ध झाली. पेशीचे भवितव्य तिच्या आत जेवढे असते तेवढेच ती संपूर्णात कुठे उभी आहे यावर ठरते, हे ड्रीश यांनी ओळखले. दुर्दैवाने हे घडते कसे, ते दाखवायला त्यांच्याकडे काहीच नव्हते. म्हणून त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलकडून ‘एंटेलेकी’ ही कल्पना उसनी घेतली, सजीवांत एक अभौतिक तत्त्व काम करते असे मांडले, 1907-08 मध्ये अ‍ॅबर्डीनला त्यावर गिफर्ड व्याख्याने दिली आणि पुढे ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकच झाले. त्यांना दिसले ते खरे होते, सुचले ते मात्र घाईचे. उत्तर सापडत नाही म्हणून आत्मा आणून बसवायचा, हा मोह केवळ धर्मवेत्त्यांना होतो असे नाही.

भारतात हाच वाद दर्शनांच्या भाषेत कितीतरी आधी झाला होता. सांख्यांचे म्हणणे, कार्य कारणात आधीपासूनच अव्यक्त रूपाने असते, जसे दुधात दही. न्याय-वैशेषिकांचे म्हणणे, कार्य नव्याने उत्पन्न होते, आधी ते नसतेच. साधारण दुसऱ्या शतकातल्या नागार्जुनाने या दोघांनाही आडवे घेतले. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भातला सांगते आणि त्याचे ‘सुहृल्लेख’ हे पत्र एका सातवाहन राजाला उद्देशून असल्याचे मानले जाते. म्हणजे परंपरेवर विश्वास ठेवला तर हा माणूस महाराष्ट्राला परका नाही. ‘मूलमध्यमककारिका’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्याने सगळ्या वाटा बंद केल्या: वस्तू स्वतःपासून उपजत नाही, दुसऱ्यापासून नाही, दोन्हींपासून नाही आणि विनाकारणही नाही. कोणत्याच गोष्टीला स्वतःच्या बळावर उभा असलेला स्वभाव नसतो, जे आहे ते परस्परांच्या आधाराने आहे, हे त्याचे म्हणणे. ‘विग्रहव्यावर्तनी’त तो एक पेच टाकतो. बापामुळे मुलगा होतो हे खरे, पण मुलगा होईपर्यंत तो माणूस ‘बाप’ तरी कुठे असतो? मग कोणी कोणाला जन्म दिला?

हा पेच ऐकून शब्दांची कसरत म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. त्यांनी नॉचचे काम एकदा जवळून पाहावे.

अगदी सारख्या दोन पेशी शेजारी-शेजारी आहेत असे समजू. दोघींच्या आवरणात नॉच आहे आणि ‘डेल्टा’ नावाचे दुसरे प्रथिनही आहे. नॉचचे काम संदेश घेण्याचे, डेल्टाचे देण्याचे. डेल्टाही आवरणाला जखडलेला असतो. तो संप्रेरकासारखा रक्तात वाहत जात नाही, म्हणून त्याचा निरोप अंगाला अंग लागलेल्या पेशीलाच पोहोचतो. डेल्टा आवरणापासून सुटून मोकळा फिरू लागला तर निरोप पोहोचणे बाजूलाच राहते, बहुधा तो नॉचच्या कामात अडथळा आणतो. जखडलेले असणे हाच त्याच्या सामर्थ्याचा पाया आहे.

आता डावीच्या डेल्टाने उजवीच्या नॉचला धरले. पकड बसल्यावर डावी पेशी आपला डेल्टा आत ओढू लागते आणि त्याबरोबर नॉचही ताणला जातो. हा ताण किती, तर काही पिकोन्यूटन, म्हणजे एका न्यूटनच्या अब्जांशाचा हजारावा भाग अशा काही मात्रा. पण तेवढ्याने नॉचची एक झाकलेली घडी उलगडते. तिथे ‘एडॅम10’ नावाचे विकर पहिला काप घेते. मग ‘गॅमा-सिक्रिटेज’ हे दुसरे विकर आवरणाच्या जाडीतच दुसरा काप घेते. आतले टोक सुटते, थेट केंद्रकात जाते आणि तिथली जनुके चालू करते. मध्ये कोणी निरोप्या नाही, निरोप वाढवून सांगणारी साखळी नाही. आंतर्देशीय पत्रात जसा कागद हाच लिफाफा आणि लिफाफा हाच मजकूर, तसे हे प्रथिन: फाडल्यावाचून ते वाचता येत नाही आणि एकदा वाचले की पुन्हा वापरता येत नाही. प्रत्येक नॉच आयुष्यात एकदाच बोलतो.

खरी गंमत पुढे आहे. केंद्रकात पोहोचलेला तुकडा जी जनुके चालू करतो, त्यांच्यामुळे उजव्या पेशीतला डेल्टा घटतो. डेल्टा घटला की ती डावीला गप्प करू शकत नाही. डावीवरचा दाब कमी होतो, तिचा डेल्टा आणखी वाढतो आणि ती उजवीला आणखी दाबते. सुरुवातीला दोघींत नगण्य फरक असेल, तो या फेऱ्यांत वाढत जातो आणि थोड्याच वेळात एक चेतापेशी होते, दुसरी त्वचा. आता विचारावे: डावी चेतापेशी झाली म्हणून उजवी त्वचा झाली, की उजवी त्वचेकडे झुकली म्हणून डावीला चेतापेशी होता आले? नागार्जुनाचा बाप आणि मुलगा इथे अक्षरशः एकमेकांना जन्म देत आहेत. दोघींपैकी कोणाच्याही आत आपले भवितव्य आधी लिहिलेले नव्हते. ते दोघींच्या मधल्या फटीत तयार झाले. पोल्सन यांच्या गर्भात ही फटच मुकी झाली होती, म्हणून सगळ्यांनी एकच वाट धरली.

एवढ्यावर थांबले असते तर चित्र फार सुबक झाले असते. पण नॉचने स्वतःच्या बाबतीतही स्वभावाचा प्रश्न उभा करून ठेवला आहे. लहान मुलांना आणि तरुणांना होणाऱ्या एका रक्ताच्या कर्करोगात, टी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात, निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये ‘नॉच1’ बिघडून सतत चालू राहतो, हे 2004 साली स्पष्ट झाले. म्हणजे नॉच खलनायक. पण नवी मुंबईतल्या खारघरच्या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्राचा सहभाग असलेल्या भारतीय गटाने 2013 मध्ये गाल आणि हिरड्यांच्या कर्करोगातली जनुके वाचली, तेव्हा वारंवार बिघडलेल्या जनुकांच्या यादीत हाच ‘नॉच1’ होता. डोके आणि मानेच्या कर्करोगांत सहसा तो बंद पडलेला आढळतो. तोंडाच्या अस्तरात तो पेशींना वेळेवर प्रौढ होऊन वाढ थांबवायला लावतो, म्हणून तो गेला की राखण गेली. तंबाखू चघळणाऱ्या महाराष्ट्रात या दुसऱ्या रूपाची ओळख अधिक व्हावी यात नवल नाही. एकच रेणू, रक्तात जास्त झाला तर घातक, तोंडात कमी पडला तर घातक. त्याला ‘कर्करोगाचे जनुक’ म्हणावे की ‘कर्करोगरोधक’? शास्त्रज्ञ दोन्ही म्हणतात आणि कोणत्या ऊतीत, हे आधी विचारतात.

हा प्रश्न न विचारण्याची किंमतही मोजून झाली आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा अमायलॉइड घडवण्यात गॅमा-सिक्रिटेजचाच हात असतो. तेव्हा हे विकर रोखले की रोग आटोक्यात येईल, असा तर्क करून ‘सेमागासेस्टॅट’ नावाचे औषध मोठ्या चाचण्यांत दिले गेले. ऑगस्ट 2010 मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. रुग्णांची आकलनशक्ती सुधारण्याऐवजी खालावली आणि त्वचेचे कर्करोग वाढले. त्याच कात्रीने नॉचही कापला जातो आणि तीही वाट बंद झाली होती, हे या अपयशामागचे एक मोठे कारण मानले जाते. विकराकडे वाईट काम करणारा सुटा गुन्हेगार म्हणून पाहिले गेले. तो कोणाकोणाशी बांधलेला आहे हे कागदावर माहीत होते, हिशेबात मात्र पुरेसे धरले गेले नाही.

तरीही स्वभावाच्या बाजूने बोलणाऱ्याकडे एक चांगला साक्षीदार आहे. त्याचे नाव ‘नम्ब’. सॅन फ्रान्सिस्कोत युह नुंग जान आणि लिली जान यांच्या प्रयोगशाळेत हे प्रथिन सापडले. माशीच्या अंगावरच्या प्रत्येक संवेदी रोमाच्या मुळाशी एक आद्यपेशी असते. ती विभागण्यापूर्वी सगळा नम्ब एका बाजूला गोळा करते, त्यामुळे दोन लेकींपैकी एकीलाच तो मिळतो. नम्ब नॉचला दाबतो. ज्या लेकीला तो मिळाला ती शेजारणीचे ऐकत नाही आणि तिच्या वंशात चेतापेशी जन्मते. दुसरी ऐकते आणि तिच्यापासून रोम आणि त्याची खोबण होते. इथे फरक शेजारातून आला नाही, आईकडून वारशाने आला. नागार्जुनाचा भक्त यावर म्हणेल की नम्बचा अर्थही शेवटी नॉच असल्यामुळेच आहे, ऐकायला कोणी नसते तर कानावर हात ठेवून काय उपयोग? युक्तिवाद बिनतोड आहे. पण जन्माने काहीच ठरत नाही असे जीवशास्त्राच्या नावाने कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर त्याला नम्ब दाखवावा, हेही तितकेच खरे.

ही सावधगिरी महाराष्ट्रात विशेष गरजेची आहे, कारण शरीराच्या उपमेने समाजाचे पुष्कळ नुकसान केले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पुरुषसूक्त एका विराट देहाच्या अवयवांपासून चार वर्ण निघाल्याचे सांगते आणि पुढच्या शतकांत ती उपमा उतरंडीचा दाखला म्हणून वापरली गेली. रोममध्येही मेनेनियस अग्रिप्पाने बंड करणाऱ्या सामान्य जनांना पोट आणि हातापायांची गोष्ट सांगून परत कामाला लावले, असे लिव्ही लिहितो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथाची सुरुवातच पुरुषसूक्ताच्या चिकित्सेने केली. आता कोणी म्हणेल, नॉचने तर त्या उपमेची हवाच काढली: देहातल्या पेशी मुळात समान असतात आणि त्यांच्यातला फरक नंतरच्या व्यवहारातून येतो. हे खरे आहे, पण या खऱ्यावर समतेचा पाया घालणे धोक्याचे आहे. कारण त्याच गोष्टीत एक पेशी दुसरीला गप्प बसवते आणि गर्भ जगण्यासाठी ते आवश्यकही असते. उद्या कोणी त्यावरून दडपशाहीचे समर्थन केले तर काय उत्तर देणार? माणसांची समता हा माणसांनी केलेला आणि पाळायचा करार आहे. त्याला प्रथिनाच्या शिफारसपत्राची गरज नाही, आणि प्रथिन काही म्हणाले म्हणून तो रद्दही होत नाही.

याच कारणाने ‘विज्ञानाने बुद्धाला सिद्ध केले’ किंवा ‘वेदांताला सिद्ध केले’ छापाच्या लेखांकडे संशयानेच पाहिलेले बरे. नागार्जुनाला पेशींचे काही पडलेले नव्हते. त्याला दुःखाचे पडलेले होते. ‘मी’ नावाचा घट्ट गाभा आहे असे धरून माणूस जी आसक्ती करतो, ती सुटावी म्हणून त्याने ही तर्काची करवत चालवली. नॉचने त्याच्या तर्काचा आकार बरोबर ठरवला, एवढेच म्हणता येते. परस्परावलंबनाने घडलेल्या वस्तू खरोखर असतात, त्या चालतात आणि त्यांना समजून घ्यायला आत दडलेले सत्त्व कल्पावे लागत नाही. ड्रीश यांना हे उदाहरण मिळाले असते तर एंटेलेकीची गरज पडली नसती. पण आसक्ती सुटण्याच्या कामात गॅमा-सिक्रिटेजचा काडीचा उपयोग नाही. त्या कामाला नागार्जुन लागतो, किंवा तुकोबा, किंवा ज्याचा त्याचा गुरू.

राहता राहिला योगायोगाचा प्रश्न, म्हणजे दोन सारख्या पेशींत तो सुरुवातीचा नगण्य फरक येतो कुठून, आणि इथे जीवशास्त्र तत्त्वज्ञानाला काहीतरी नवे देऊ शकते. सी. एलिगन्स हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक सूत्रकृमी आहे. प्रौढ उभयलिंगी कृमीत बरोबर 959 कायिक पेशी असतात आणि जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी त्यांची वंशावळ 1983 पर्यंत पेशीपेशीने लिहून काढली. कोणत्या पेशीची कोणती लेक काय होणार, हे इथे जवळजवळ पक्के ठरलेले असते. दैववाद्याला याहून आवडता प्राणी मिळायचा नाही.

अपवाद आहे तो वाढत्या गर्भाशयातल्या दोन पेशींचा. त्यांच्यापैकी एक ‘नांगर-पेशी’ होते, जिच्या इशाऱ्यावर अंडी बाहेर पडण्याची वाट घडते. दुसरी गर्भाशय बांधणाऱ्या पेशींच्या गटात जाते. कोणती काय होणार, हे प्रत्येक कृमीत नव्याने ठरते आणि शेकड्यात जवळपास निम्म्या वेळा ही, निम्म्या वेळा ती. ज्युडिथ किंबल यांनी 1981 मध्ये लेसरने यातली एक पेशी जाळून पाहिली, तर उरलेली दर वेळी नांगर-पेशीच झाली. कृमीचा नॉच म्हणजे ‘लिन-12’. तो काढून टाकला तर दोघीही नांगर-पेशी होतात, सतत चालू ठेवला तर एकही होत नाही. बाजू कशाने फिरते? 2003 मध्ये झँथा कार्प आणि आयव्हा ग्रीनवाल्ड यांनी दाखवले की दोघींपैकी जी आधी जन्मते, ती बहुधा नांगर-पेशी होत नाही. थोरलेपणाचा इथे तोटाच. आणि हे थोरलेपणही कोणत्या बाजूला पडेल, याला ठरलेला नियम नाही.

जिंकलेल्या नांगर-पेशीची पुढची हकीकतही नोंदलेली आहे. हरलेली पेशी ज्या गटात गेली, त्या गटाच्या नातींपैकी सहा जणींना ती लिन-12च्याच मार्फत नवा निरोप पाठवते. त्यांच्या लेकींपैकी बऱ्याच जणी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एक पातळ पेशी तयार होते. मग नांगर-पेशी स्वतःही तिच्यात विलीन होते आणि तिचे केंद्रक इतर केंद्रकांमध्ये जाऊन बसते. प्रौढ कृमीत वेगळी नांगर-पेशी सापडत नाही.